तलवार घासू नका

दसरा आला की ज्यांच्या घरी जुनी तलवार आहे, तिथे ती विटेच्या भुकटीने लख्ख घासली जाते. गावोगावच्या लहान वस्तुसंग्रहालयांतही कधी कधी असंच घडतं. पण घासताना पोलादाच्या लहरींची नक्षी, म्हणजे जौहर, दिसेनासं होतं. मुठीवरची सोन्याची कोफ्तगरी झिजते आणि कोरलेली अक्षरंही पुसट होतात.

या अक्षरांचं मोल केवढं! विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ निजामशाहाच्या काळात, १५४९मध्ये, मुहम्मद बिन हुसेन रूमीने ओतली, हे आपल्याला तिच्यावरच्या लेखातूनच कळतं.

लोखंड गंजतं ते ओलाव्याने आणि बोटांच्या घामातल्या क्षारांनी. म्हणून पातं हातमोजे घालूनच धरावं, कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसावं आणि त्यावर मेणाचा पातळ थर द्यावा. चामडी म्यानात ते ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि त्यातली आम्लं लोखंड खातात. म्यान शेजारीच मांडावं. काचेच्या कपाटात सिलिका जेल ठेवावं. सोबतच्या पाटीवर तलवार कुठली, कधी आणि कुणाकडून आली, हे लिहावं.

चकाकी केव्हाही आणता येते. पुसलं गेलेलं कारागिराचं नाव मात्र परत येत नाही.