ध्वनिसंक्षेपण आणि मोटारीतील संगीताची गुणवत्ता

ध्वनिसंक्षेपण म्हणजे अंकीय स्वरूपात साठवलेल्या ध्वनीच्या संचिकेचे आकारमान कमी करण्याची प्रक्रिया होय. मोटारीतील स्टिरिओवर आज वाजणारे बहुतेक संगीत या प्रक्रियेतून गेलेले असते. मग ते पेनड्राइव्हवरील एमपी३ संचिकेतून येवो, ब्लूटूथने जोडलेल्या मोबाइलवरून येवो किंवा इंटरनेटवरून प्रवाहित होवो. संक्षेपणाच्या काही पद्धतींत मूळ ध्वनीचा काही भाग कायमचा वगळला जातो. ही उणीव श्रोत्याला किती जाणवते, हे संचिकेचा बिट दर, संगीताचा प्रकार, स्पीकरची क्षमता आणि वाहनातील गोंगाट यांवर अवलंबून असते.

अंकीय ध्वनी आणि त्याचे आकारमान

ध्वनीचे अंकीय रूपांतर करताना त्याच्या तरंगाची उंची ठरावीक अंतराने मोजली जाते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये (सीडी) दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत नोंदवला जातो. डाव्या व उजव्या अशा दोन वाहिन्या धरल्यास हा प्रवाह सुमारे १,४११ किलोबिट प्रतिसेकंद इतका होतो. या हिशेबाने पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे ५३ मेगाबाइट जागा लागते. तेच गाणे १२८ किलोबिट प्रतिसेकंद दराच्या एमपी३ संचिकेत सुमारे ४.८ मेगाबाइटमध्ये मावते, म्हणजे आकारमान अकरा पटींनी घटते. त्यामुळेच एमपी३ वाचू शकणारे मोटार-स्टिरिओ आल्यावर सुमारे एक तासाच्या संगीताऐवजी एकाच डिस्कवर दहा-बारा तासांचे संगीत नेणे शक्य झाले.

संक्षेपणाचे प्रकार

संक्षेपणाचे दोन मुख्य प्रकार आहेत.

* अक्षय संक्षेपण: यात माहितीची केवळ आटोपशीर मांडणी केली जाते. संचिका उलगडल्यावर मूळ ध्वनी बिटन्‌बिट परत मिळतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले फ्लॅक हे याचे प्रचलित उदाहरण आहे. यात आकारमान साधारणतः मूळच्या निम्म्याच्या आसपास येते.
* सक्षय संक्षेपण: यात कानाला जाणवणार नाही असे मानलेले ध्वनीचे अंश वगळले जातात किंवा ढोबळपणे नोंदवले जातात. एमपी३, एएसी आणि ऑग व्हॉर्बिस हे या प्रकारातील आहेत. एकदा वगळलेला अंश कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

एमपी३ पद्धतीचे कार्य

एमपी३ ही पद्धत मुख्यत्वे जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून विकसित झाली आणि १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा पाया मानसध्वनिशास्त्र, म्हणजे कान आणि मेंदू मिळून ध्वनी कसा ग्रहण करतात याचा अभ्यास, हा आहे.

मोठ्या आवाजाजवळचा, जवळपास त्याच वारंवारतेचा लहान आवाज कानाला ऐकू येत नाही. यास आच्छादन म्हणतात. ढोल जोरात वाजत असताना शेजारच्या माणसाचे बोलणे कळत नाही, हा याच तत्त्वाचा रोजचा अनुभव होय. मोठ्या आवाजाच्या लगेच नंतर आणि अगदी थोड्या मिलिसेकंदांपुरते त्याच्या आधीही असे आच्छादन घडते. एमपी३ संकेतक ध्वनीचे लहान लहान चौकटींत तुकडे करतो. सीडीच्या नमुनादराला अशी एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची असते. प्रत्येक तुकड्यातील वारंवारता वेगवेगळ्या करून त्यांपैकी कोणत्या आच्छादित होतील याचा अंदाज बांधला जातो. ज्या ऐकू येण्याची शक्यता अधिक, त्यांना अधिक बिट दिले जातात. उरलेल्यांची नोंद ढोबळ होते किंवा होतच नाही. बिट दर जितका कमी, तितकी ही काटछाट निर्दय होते.

श्रवणात जाणवणारे दोष

सक्षय संक्षेपणाचे दोष सर्व संगीतात सारखे दिसत नाहीत. त्यांचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

उच्च वारंवारतांचा लोप: निरोगी तरुण कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू शकतो. १२८ किलोबिट दराला अनेक संकेतक साधारण १६,००० हर्ट्झवरील भाग वगळतात. परिणामी झांज, टाळ यांसारख्या वाद्यांची झळाळी उणावते. वयोमानाने उच्च वारंवारता ऐकण्याची क्षमता घटत असल्याने ज्येष्ठ श्रोत्यांना हा फरक कमी जाणवतो.

पूर्वप्रतिध्वनी: तबल्याच्या थापेसारखा अकस्मात उमटणारा ध्वनी एखाद्या चौकटीच्या मध्यावर आला, तर संक्षेपणातून निर्माण झालेली खरखर संपूर्ण चौकटीत पसरते आणि थापेच्या आधीच्या शांततेतही शिरते. त्यामुळे बोलाची धार बोथट होते. हा दोष टाळण्यासाठी संकेतक अशा जागी लहान चौकटी वापरतो. तथापि कमी बिट दराला तो उपाय पुरेसा पडत नाही.

पाणचट किंवा घरंगळता ध्वनी: कमी दराला उच्च वारंवारतांचे अंश एका चौकटीत असतात, तर पुढच्या चौकटीत नसतात. टाळ्यांचा कडकडाट, पावसाचा आवाज आणि झांजांचा नाद यांत हा दोष चटकन ओळखू येतो. तंबोऱ्याच्या जवारीतून उमटणारे असंख्य उपस्वर हेही संकेतकासाठी अवघड द्रव्य असते.

मोटारीतील श्रवणपरिस्थिती

धावत्या मोटारीत टायर, वारा आणि इंजिन यांचा गोंगाट सतत चालू असतो. महामार्गाच्या वेगाला तो सामान्यतः ६० ते ७० डेसिबलच्या घरात असतो आणि त्यात खालच्या वारंवारतांचे प्राबल्य असते. हा गोंगाट स्वतःच एक आच्छादक ठरतो. संक्षेपणाचे सूक्ष्म दोष त्याखाली झाकले जातात, पण त्यासोबत संगीतातील हळुवार जागाही झाकल्या जातात. म्हणून १२८ आणि ३२० किलोबिट दरांतील फरक शांत खोलीत हेडफोनवर जेवढा कळतो, तेवढा धावत्या गाडीत कळत नाही. गाडी उभी करून इंजिन बंद केल्यावर मात्र तो पुन्हा उघड होतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनाचा आवाज नसतो; तरी टायर आणि वाऱ्याचा आवाज उरतोच.

वाहनाची रचनाही ध्वनी बदलते. लहान बंदिस्त जागेमुळे खर्जातील ध्वनी आपोआप वाढतो. काचांवरून ध्वनी परावर्तित होतो, तर आसनांचे कापड व गादी तो शोषून घेतात. चालक मध्यभागी न बसता एका बाजूच्या स्पीकरजवळ बसतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर कापतो. त्यामुळे जवळच्या स्पीकरचा ध्वनी आधी पोहोचतो आणि गायक एका कडेला उभा असल्याचा भास होतो. काही स्टिरिओंत जवळच्या स्पीकरला अल्प विलंब देऊन ही त्रुटी सुधारली जाते. या सर्व कारणांमुळे, संचिका उत्तम असूनही, साध्या स्पीकरवर ध्वनी सुमार वाटू शकतो.

ध्वनीचा तोल बदलण्याची सोय जपून वापरावी लागते. आच्छादनाचा अंदाज मूळ तोल गृहीत धरून केलेला असतो. तीव्र स्वरांची पातळी बरीच वाढवल्यास झाकलेली खरखर उघडी पडते.

जोडणीच्या पद्धतीचा परिणाम

पेनड्राइव्ह थेट स्टिरिओला जोडल्यास संचिका स्टिरिओमध्येच उलगडली जाते आणि आणखी हानी होत नाही. ब्लूटूथने जोडल्यास मोबाइल आधी संचिका उलगडतो आणि प्रक्षेपणासाठी तिचे सहसा पुन्हा सक्षय संक्षेपण करतो. सर्व ब्लूटूथ संगीत-उपकरणांत अनिवार्य असलेल्या एसबीसी पद्धतीचा उच्च गुणवत्तेचा दर सुमारे ३२८ किलोबिट प्रतिसेकंद आहे. एएसी, एपीटीएक्स, एलडीएसी या पद्धती मोबाइल आणि स्टिरिओ दोहोंत असल्यासच वापरात येतात. एफएम प्रक्षेपकाने गाणे गाडीच्या रेडिओवर ऐकल्यास वारंवारतेची मर्यादा सुमारे १५,००० हर्ट्झवर येते. तेथे संचिकेच्या उच्च दराचा फारसा उपयोग उरत नाही.

गतिक पल्ल्याचे संक्षेपण

संचिकेचे संक्षेपण आणि गतिक पल्ल्याचे संक्षेपण या भिन्न गोष्टी आहेत. नावातील साम्यामुळे त्यांची गल्लत होते. दुसऱ्या प्रक्रियेत संगीतातील सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजांमधील अंतर कमी केले जाते; संचिकेचे आकारमान त्यासाठी घटवलेले नसते. घरी बसून ऐकताना ही प्रक्रिया संगीत सपाट करते. मोटारीत मात्र ती काही अंशी उपयुक्त ठरते, कारण आलापीच्या हळुवार जागा गोंगाटावर उठून ऐकू येतात आणि आवाजाची पातळी वारंवार वाढवावी लागत नाही. गोंगाटावर मात करण्यासाठी पातळी दीर्घकाळ उंच ठेवल्यास श्रवणशक्तीला अपाय होतो, तसेच रुग्णवाहिकेचा किंवा मागील वाहनाचा भोंगा चालकाला ऐकू न येण्याचा धोका संभवतो.

बिट दराची निवड आणि मूळ प्रतीचे जतन

धावत्या मोटारीतील सामान्य श्रवणासाठी १९२ ते २५६ किलोबिट दराची चांगली एमपी३ किंवा एएसी संचिका बहुतेक श्रोत्यांना पुरेशी ठरते. कमी दराची संचिका जास्त दराच्या संचिकेत बदलल्याने गुणवत्ता सुधारत नाही, केवळ आकारमान वाढते. ३२० किलोबिट अशी नोंद असलेली संचिका मुळात १२८ किलोबिटच्या संचिकेवरून तयार केलेली असू शकते. एका सक्षय स्वरूपातून दुसऱ्यात केलेल्या प्रत्येक रूपांतराबरोबर हानी साचत जाते.

ही हानी घरगुती ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत विशेष गंभीर ठरते. बाजारात मिळणारे गाणे पुन्हा विकत घेता येते. परंतु कॅसेटवर मुद्रित केलेले घरच्या बैठकीतील गाणे, कीर्तन किंवा दिवंगत आप्ताचा आवाज यांची दुसरी प्रत नसते. गाडीत ऐकण्यासाठी अशा कॅसेटची कमी दराची एमपी३ प्रत करून मूळ फीत टाकून दिल्यास, वगळलेला अंश कायमचा नाहीसा होतो. म्हणून प्रथम अक्षय स्वरूपात एक प्रत करून ती जपून ठेवणे आणि गाडीसाठी तिच्यावरून लहान प्रत काढणे हा योग्य क्रम मानला जातो.