श्रद्धा आणि तर्क : खरे कशावरून मानावे?

आपल्या घरांतून हल्ली काही प्रश्न वारंवार ऐकू येतात. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, हे खरे का? एलियाहू हन्नाबीचा रथ कोकणात आला होता, हे कशावरून? तोरा सांगते जग सहा दिवसांत निर्माण झाले आणि शाळेतले पुस्तक अब्जावधी वर्षांचा हिशेब मांडते, मग मानायचे कोणाचे? विचारणारी मुले इथे जन्मलेली असतात, हिब्रू शाळांत शिकलेली असतात, लष्करी सेवा करून आलेली असतात. त्यांना उद्धट म्हणण्याचे कारण नाही. ज्याला धर्माशी काही देणेघेणे नाही तो प्रश्न विचारण्याच्या भानगडीत पडत नाही.

अशा वेळी वडीलधाऱ्यांकडून बहुधा दोन उत्तरे मिळतात. "असले प्रश्न विचारू नयेत, पाप लागते," हे एक. "अरे, त्या जुन्या लोकांच्या गोष्टी, सोडून दे," हे दुसरे. आमच्या मते दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. पहिल्याने मूल गप्प बसते, पण त्याची शंका जात नाही. दुसऱ्याने शंकेबरोबर शब्बाथही जातो आणि मलिदाही जातो. तिसरा मार्ग आहे, तो आपल्याच धर्मातील थोर आचार्यांनी आठशे-हजार वर्षांपूर्वी आखून दिलेला आहे, आणि तो समजून घेण्यासाठी मोठ्या पांडित्याची गरज नाही.

प्रथम सादिया गाओन यांच्याकडे वळू. यांचा जन्म ८८२ साली इजिप्तमध्ये झाला. पुढे ते बाबेल देशातील सूरा येथील प्राचीन विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्या काळीही आजच्यासारखाच गोंधळ होता. नाना पंथांचे लोक वाद घालीत होते आणि सामान्य यहुदी माणूस गांगरून गेला होता. म्हणून सादिया यांनी ९३३ साली अरबी भाषेत एक ग्रंथ लिहिला. हिब्रूत तो 'एमुनोथ वे-देओथ' या नावाने प्रसिद्ध आहे. माणसाला ज्ञान कोठून मिळते, याचा विचार त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच केला आणि चार उगम सांगितले : इंद्रियांनी कळणारे, बुद्धीला आपोआप पटणारे, तर्काने काढलेले अनुमान आणि विश्वासू माणसांकडून चालत आलेली परंपरा. अनुमानासाठी त्यांनी धूर आणि अग्नी यांचा दाखला घेतला आहे. आपण मराठी शाळांत शिकलेल्यांना हा दाखला परका वाटणार नाही, कारण भारतातील न्यायशास्त्रातही डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. प्रत्यक्ष, अनुमान, आप्तवाक्य हे शब्द आपण मराठीतून शिकलो. सादिया हेच सांगत होते.

परंपरेला त्यांनी प्रमाणांत का घेतले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावर मुळीच विश्वास ठेवायचा नाही असे ठरवले, तर माणसाला आपले आईबाप कोण हेसुद्धा खात्रीने सांगता येणार नाही. तेव्हा ऐकीव म्हणून टाकून देणे हाही तर्क नव्हे. सांगणारा कोण आणि त्याला ते कसे कळले, हे पाहावे लागते.

त्यानंतर दोनशे वर्षांनी रामबाम झाले. मोशे बेन मैमोन (११३८–१२०४) स्पेनमधील कोर्दोबा येथे जन्मले आणि इजिप्तमध्ये वैद्यकी करून राहिले. त्यांचा धाकटा भाऊ दावीद व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरात बुडाला, आणि त्या दुःखाने रामबाम दीर्घकाळ अंथरुणाला खिळले होते. सुमारे ११९५ साली दक्षिण फ्रान्समधील रब्बींनी त्यांना विचारले की ग्रहताऱ्यांवरून माणसाचे भविष्य ठरते, हे मानावे काय? रामबाम यांनी उत्तरात आधी कसोटी सांगितली. शहाण्या माणसाने तीनच प्रकारच्या गोष्टी खऱ्या मानाव्यात : गणित-भूमितीसारख्या स्पष्ट पुराव्याने सिद्ध होणाऱ्या, पाच इंद्रियांनी कळणाऱ्या आणि संदेष्ट्यांकडून किंवा नीतिमान पुरुषांकडून मिळालेल्या. आपण जे मानतो ते या तिहींपैकी कोणत्या खणात बसते, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे. कोणत्याच खणात न बसणारी गोष्ट कितीही जुन्या पुस्तकात लिहिलेली असली तरी मानू नये. या कसोटीवर ग्रहफल टिकले नाही. आपण त्या विषयावरचे मिळतील तितके ग्रंथ वाचले असेही त्यांनी कळवले आहे. म्हणजे नकारसुद्धा त्यांनी न वाचता दिला नाही. पूर्वजांनी युद्धकला शिकण्याऐवजी ग्रहताऱ्यांच्या पोथ्यांत वेळ घालवला म्हणून राज्य गेले, इतके कडक मतही त्यांनी नोंदवले.

आज मंगळ-शनी पाहणारे आपल्यात थोडे असतील, पण नजर लागू नये म्हणून, मुलीचे लग्न जुळावे म्हणून पैसे मोजून दोरे आणि ताईत घेणारे कमी नाहीत. त्यांनी रामबामांचे तीन खण समोर ठेवावेत. आमच्या मते हे ताईत तिन्ही खणांबाहेर पडतील.

आता शास्त्र आणि तोरा यांच्या विरोधाचा प्रश्न. तोराहमध्ये देवाचा हात, देवाचे डोळे असे शब्द येतात. तरी यिगदाल म्हणताना आपण देवाला शरीर नाही असेच म्हणतो, कारण यिगदाल रामबामांच्या तेरा तत्त्वांवर रचलेले आहे आणि तिसरे तत्त्व हेच आहे. देवाला शरीर असणे बुद्धीच्या पुराव्याने अशक्य ठरते, म्हणून त्या शब्दांचा अर्थ आलंकारिक घ्यायचा. 'मोरे नेवुखीम' हा त्यांचा ग्रंथ सुमारे ११९० साली पूर्ण झाला. त्याच्या दुसऱ्या भागात ते आणखी पुढे जातात. जग अनादि आहे असे ॲरिस्टॉटलचे मत होते. रामबाम म्हणतात, ते सिद्ध झाले असते तर उत्पत्तीच्या वचनांचाही अर्थ निराळा लावता आला असता, ती वाट बंद नाही. परंतु ते सिद्ध झालेले नाही, आणि न सिद्ध झालेल्या मतासाठी संदेष्ट्यांची परंपरा सोडण्याचे कारण नाही. या विचाराची दोन अंगे आहेत. पुरावा मिळाला तर अर्थ पुन्हा पाहायचा, आणि केवळ मत असेल तर घाईने पाया हलवायचा नाही. सहा दिवसांविषयी विचारणाऱ्या नातवाला हे सांगता येते, आणि सांगताना तोराहचा किंवा त्याच्या शिक्षकांचा अपमान करावा लागत नाही.

चमत्कार हा पुरावा होतो का? तालमूदमध्ये, बावा मेत्सिया या भागात, एका भट्टीच्या शुद्धतेवरून झालेला वाद आहे. रब्बी एलिएझर यांचे म्हणणे इतरांना पटेना, तेव्हा त्यांच्या शब्दावर झाड उपटून दूर गेले, पाण्याचा प्रवाह उलटा वाहिला, अभ्यासगृहाच्या भिंती झुकल्या, आणि शेवटी आकाशवाणीही त्यांच्याच बाजूने झाली. तरीही रब्बी येहोशुआ उभे राहिले आणि म्हणाले की तोरा स्वर्गात नाही, म्हणजे आता निर्णय स्वर्गातून मागवायचा नाही. निर्णय बहुमताने झाला. भिंत झुकली म्हणून युक्तिवाद बरोबर ठरत नाही, हे आपल्या रब्बींनी त्या काळी ओळखले होते.

आता हीच कसोटी आपल्या स्वतःच्या इतिहासाला लावू, कारण दुसऱ्याच्या श्रद्धेची परीक्षा करणे सोपे असते. नवगावची हकीकत परंपरेच्या खणात बसते. ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आलेली आहे. हाईम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्यांनी आगमनाचा काळ इ. स. पूर्व १७५च्या सुमाराचा धरला. फुटलेले गलबत ही परंपरा आहे आणि १७५ हे अनुमान आहे. हे दोन वेगळे ठेवले तर अनुमान चुकीचे ठरले तरी परंपरा खोटी ठरत नाही.

दावीद राहबी यांची गोष्टही तशीच. त्यांनी आपल्या स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले, आणि स्त्रियांनी पर व खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले. शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे हे लोक यहुदी आहेत, हे त्यांनी त्यावरून ओळखले. गोष्टीतले राहबी नावगाव विचारून थांबत नाहीत, आचार तपासतात आणि मग निष्कर्ष काढतात. राहबी केव्हा होऊन गेले याबद्दल मात्र मतभेद आहेत. कोणी त्यांना सुमारे हजार वर्षे मागे नेतात, तर कोणी अठराव्या शतकातील कोचीनच्या राहबी घराण्याशी जोडतात.

लिखित पुरावा काय आहे? रामबाम यांनी सुमारे १२०० साली फ्रान्समधील ल्युनेल गावच्या विद्वानांना लिहिलेल्या पत्रात भारतातील यहुदी लोकांचा ओझरता उल्लेख आहे : त्यांना लिखित तोरा ठाऊक नाही, ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, एवढेच. हे वर्णन आपल्या पूर्वजांशी पुष्कळ जुळते. पण पत्रात कोकणाचे नाव नाही, आणि रामबाम भारतात आलेले नव्हते. म्हणून 'बहुधा आपणच' इतके म्हणावे. 'सिद्ध झाले' असे म्हणू नये.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकशास्त्रीय अभ्यासात १८ बेने इस्राएल व्यक्तींच्या नमुन्यांची तपासणी होती. आपल्या रक्तात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश आहेत, यहुदी अंश पितृपक्षाकडून अधिक आला आहे, आणि हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले असावे, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्यातले काही जण यामुळे हरखले, काही बिथरले. मिश्रणाचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे, म्हणून या अभ्यासाने १७५ हे साल सिद्धही होत नाही आणि खोडलेही जात नाही. पूर्वज पश्चिमेकडून आले, या परंपरेच्या गाभ्याला मात्र आधार मिळतो. आणि भारतीय आज्यांची लाज वाटण्याचे कारणच नाही. दावीद राजाची पणजी रूथ मोआबी होती. ओबाद्या नावाच्या धर्मांतरिताला रामबामांनी कळवले होते की 'आमच्या पूर्वजांचा देव' असे त्यानेही प्रार्थनेत निःशंक म्हणावे. कोण यहुदी हे नमुन्याच्या नळीत ठरत नाही.

हा केवळ पुस्तकी वाद नाही, हे आपल्या पिढीला सांगायला नको. १९६२ साली आपल्या लोकांची लग्ने नोंदवताना आजी-पणजीपर्यंत चौकशी करण्याच्या सूचना निघाल्या. त्या वेळी समाज जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरला, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत असे क्नेसेटने ठरावाने जाहीर केले. त्या झगड्यात भावना होती, तसाच तर्कही होता. दोन हजार वर्षांची लेखी वंशावळ कोणत्या यहुदी समाजाकडे आहे? हलाखाच नियम सांगते की सर्व कुटुंबे शुद्ध धरावीत. याला हझाका म्हणतात. शंका घेणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. ज्याच्यावर शंका घेतली त्याने नव्हे. रामबामांच्या संहितेतही हा नियम आहे. 'आमची श्रद्धा आहे' एवढेच म्हणून आपण तिथे टिकलो नसतो.

राहिला एलियाहू हन्नाबीचा रथ. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरील खुणा आपल्या लोकांनी भक्तिभावाने पाहिल्या आहेत. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे संदेष्टा यार्देन नदीच्या पलीकडून स्वर्गात गेला, कोकणाचा उल्लेख तेथे नाही. खडकावरच्या खुणेचे अन्य कारणही असू शकेल. मग मलिदा बंद करायचा का? नाही. पोहे, नारळ, गूळ आणि फळे ताटात मांडून आपण उपकार मानतो, नवस फेडतो, संकटातून सुटल्याची आठवण करतो. उपकार मानणे हे खडकाच्या खुणेवर अवलंबून नाही. कोणती श्रद्धा कशाच्या आधारावर उभी आहे हे पाहिले, तर एक वीट सैल झाली म्हणून सगळे घर पडत नाही.

तर्काला मर्यादाही आहेत. किप्पूरचा उपवास का करावा हे भूमितीच्या सिद्धांतासारखे मांडून दाखवता येणार नाही. तसे आईवर प्रेम का करावे हेही दाखवता येत नाही. तर्काचे काम खोटे गाळण्याचे आहे. गाळून उरते त्यावर जगायचे कसे, हे प्रत्येकाने आचाराने ठरवायचे असते.

वाचकहो, एक साधी सवय आम्ही सुचवतो. मुलांशी बोलताना तीन शब्दप्रयोग वेगळे ठेवावेत : 'हे ठाऊक आहे', 'हे ऐकत आलो आहोत' आणि 'हे मला वाटते'. शब्बाथ पाळत आलो, हे ठाऊक आहे. नवगावचे गलबत ऐकत आलो आहोत. साल कोणते, ते वाटते. असे बोलणाऱ्या आजी-आजोबांवर नातवंडे विश्वास ठेवतात, कारण ते सगळेच एका दमात खरे आहे असे म्हणत नाहीत. आणि ज्या घरांत अजून नव्वदीतले कोणी आहे, तेथे त्यांनी सांगितलेले आजच वहीत उतरवून घ्यावे. सोबत त्यांना ते कोणी सांगितले, कोणत्या गावी, हेही लिहावे. परंपरा प्रमाण मानायची तर सांगणाऱ्याचे नाव लागते, आणि ती नावे सांगणारे आता थोडेच उरले आहेत.