काचेमागचा कप खरा असतो का?

ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायचंय, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात.

आजचा प्रश्न साधा आहे. फुटबॉल क्लबच्या म्युझियममध्ये काचेमागे जो कप चमकत असतो, तो खरा असतो की कॉपी? हा प्रश्न मला पडला लिव्हरपूलमध्ये. ऑफिसच्या कामासाठी इंग्लंडला गेलो होतो, एक दिवस मोकळा मिळाला आणि मी थेट अ‍ॅनफिल्ड गाठलं.

त्याआधी थोडा फ्लॅशबॅक. मी लिव्हरपूलचा फॅन झालो तो माझ्या दादामुळे. २५ मे २००५, इस्तंबूल, चॅम्पियन्स लीगची फायनल. आपल्याकडे मॅच सुरू झाली तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. मी शाळेत जाणारं पोरगं, डोळे चोळत दादाशेजारी बसलेलो. समोर एसी मिलान. पहिल्याच मिनिटाला मालदिनीचा गोल, मग क्रेस्पोचे दोन. हाफटाइमला ३-०. दादा म्हणाला, "संपलं रे, झोप आता," आणि टीव्ही बंद केला.

पुढे काय झालं ते जगाला माहितीये. जेरार्ड, श्मिट्सर, अलोन्सो. साधारण सहा मिनिटांत तीन गोल, स्कोअर ३-३, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये लिव्हरपूल जिंकलं. आम्हाला कळलं सकाळी, दात घासताना. दादाला ती बोच अजून आहे.

तर म्युझियममध्ये युरोपातले सहा मोठे कप आहेत: १९७७, १९७८, १९८१, १९८४, २००५ आणि २०१९. दिसायला सगळे एकाच घरातले, दोन मोठे कान असलेले. पण त्यांचा दर्जा सारखा नाही, आणि मजा इथेच आहे.

शाळेतली फिरती ढाल आठवते? जिंकलेल्या शाळेचं नाव त्यावर कोरायचं, वर्षभर मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये ठेवायची आणि पुढच्या वर्षी परत करायची. युरोपियन कपही तसाच फिरता होता. पण १९६८-६९ पासून एक नियम होता: सलग तीन वेळा किंवा एकूण पाच वेळा जिंकलात, तर खरा कप कायमचा तुमचा. रेआल माद्रिदला त्यांचा कप त्याआधीच, सहा विजेतेपदांनंतर देण्यात आला होता. पुढे या नियमाने आयाक्स, बायर्न म्युनिक आणि मिलानने कप घरी नेला. २००५ मध्ये लिव्हरपूलचं पाचवं विजेतेपद झालं, आणि इस्तंबूलचा तो कप अ‍ॅनफिल्डला कायमचा राहिला.

२००९ पासून हे बदललं. आता खरा कप युएफाकडेच असतो आणि विजेत्याला तेवढ्याच आकाराची प्रतिकृती मिळते. म्हणून २०१५ मध्ये बार्सिलोनाने पाचवं विजेतेपद मिळवलं, तरी मूळ कप त्यांना मिळाला नाही. लिव्हरपूलचा २०१९ चा कपही प्रतिकृतीच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मास्टर कॉपी एकाच ठिकाणी, बाकी सगळीकडे रेप्लिका.

मूळ कप असा जपून का ठेवायचा? १८९५ चं उदाहरण ऐका. अ‍ॅस्टन व्हिलाने एफए कप जिंकला आणि तो बर्मिंगहॅममधल्या एका दुकानात दर्शनी काचेत मांडला. रात्रीतून चोरी झाली. तो कप आजतागायत सापडलेला नाही.

दुसरा शत्रू म्हणजे हवा. घरातलं चांदीचं निरांजन कपाटात ठेवलं तरी काळं पडतं ना? हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. पॉलिश केलं की तो जातो, पण दर वेळी थोडी चांदीही जाते आणि कोरलेली अक्षरं झिजतात. हाताच्या घामाचेही डाग पडतात. म्हणून काच, म्हणून हातमोजे.

आपल्याकडे या प्रश्नाचं छान उत्तर आहे. १८८८ मध्ये सुरू झालेल्या ड्युरँड कपच्या विजेत्याला तीन ट्रॉफ्या मिळतात. ड्युरँड कप आणि सिमला ट्रॉफी फिरत्या, प्रेसिडेंट्स कप मात्र कायमचा. मानही मिळतो, आठवणही राहते.

आता जरा थांबूया. या रांगेत १९८५ नाही. त्या वर्षीही लिव्हरपूल फायनलमध्ये होतं, ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये, युव्हेंटसविरुद्ध. मॅचआधी लिव्हरपूलचे काही प्रेक्षक समोरच्यांवर धावून गेले, पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ माणसं गेली. त्यातले बहुतेक युव्हेंटसचे चाहते होते. मॅच तरीही झाली. युव्हेंटस १-० ने जिंकलं. तो कप हातात घेताना त्यांना काय वाटलं असेल?

आणि १५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो. एफए कपची सेमीफायनल, गर्दीत चिरडून लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचा जीव गेला. सुरुवातीला दोष चाहत्यांवरच ढकलला गेला. कुटुंबं लढत राहिली आणि २०१६ मध्ये ज्युरीने निर्णय दिला की हे मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे झाले, यात चाहत्यांचा दोष नव्हता. त्यासाठी २७ वर्षं लागली. स्टेडियमबाहेरच्या स्मारकावर सगळी नावं आहेत. मी तिथे उभा राहून वयं वाचली. सर्वात लहान मुलगा १० वर्षांचा होता. रात्री दादाशेजारी बसलेला मी जेवढा होतो, जवळपास तेवढाच.

म्हणून कधी अशा म्युझियममध्ये गेलात, तर तीन गोष्टी बघा. कप खरा की प्रतिकृती? त्यावर कोरलेलं वर्ष कोणतं? आणि रांगेतून कोणतं वर्ष गायब आहे? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

बाहेर पडायच्या आधी मी दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन २००५ च्या कपासमोर धरला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अरे, जरा जवळ ने की. माझा सेकंड हाफ बघायचा राहिलाय."

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, हाफटाइमला टीव्ही बंद करू नका!