सम्यक आजीविका आणि कॅसिनोतील नोकरी

आर्य अष्टांगिक मार्गाचे पाचवे अंग सम्यक आजीविका होय. प्रत्येक मनुष्यास उदरनिर्वाह करावाच लागतो; तो इतरांस इजा वा अन्याय न करता करावा, असा या अंगाचा अर्थ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात विशद केला आहे. सिहोरा हे तुमसर तालुक्यातील, धानाच्या पट्ट्यातील गाव. धानाचा हंगाम आटोपला की अशा गावांतील तरुणास कामासाठी बाहेर पाहावे लागते. त्याच्यापुढे गोव्यातील कॅसिनोची नोकरी आली, तर ती धम्मास धरून होईल काय, हा प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोविषयी कायदा केला, परंतु तो कधीच अमलात आला नाही व २०२३ साली रद्द झाला. गोव्याने मात्र १९९२ साली आपल्या जुगारविषयक कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगारयंत्रांस मुभा दिली. पुढे जहाजांवरील खेळांसही परवानगी मिळाली. आज पणजीजवळ मांडवीच्या पात्रात अशी जहाजे उभी आहेत. तेथे स्वयंपाकी, सफाई कामगार, रोखपाल, सुरक्षारक्षक असे अनेक लोक राबतात. परंतु या धंद्याचा खरा कारागीर म्हणजे पत्ते वाटणारा व चक्र फिरविणारा 'डीलर'.

हा धंदा कशावर चालतो? रूलेटच्या एक शून्य असलेल्या चक्रात ३७ घरे असतात. प्रत्येक घरावर शंभर रुपये लावल्यास एकूण ३,७०० रुपये होतात. चेंडू कोणत्याही घरात पडला तरी लावलेल्या शंभरांसह ३,६०० रुपयेच परत मिळतात. उरलेले शंभर मालकाचे. एखादा खेळणारा एखाद्या रात्री जिंकतोही. परंतु खेळ चालू राहिला की गणित मालकाच्याच बाजूने फिरते. डीलरने कसलीही लबाडी केली नाही तरी हे घडते.

अंगुत्तर निकायातील वणिज्ज सुत्तात उपासकाने टाळावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य व विष. जुगार त्यांत नाही, म्हणून तो क्षम्य, असा युक्तिवाद कोणी करील. परंतु दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. जिंकणारा वैर जोडतो. हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो. संपत्ती प्रत्यक्ष नष्ट होते. सभेत त्याच्या शब्दास किंमत राहत नाही. मित्र त्याचा अवमान करतात. विवाहासाठी त्यास कोणी स्वीकारीत नाही. म्हणजे हानी एकट्या खेळणाऱ्याची नसून त्याच्या कुटुंबाचीही आहे. गोवा शासनाने १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांस कॅसिनोत खेळण्यास मनाई केली. जे आपल्या माणसांस नको, ते परक्याच्या घरास हितकर कसे ठरेल?

तथापि नोकरी करणाऱ्यास दोष देऊन मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. आळवी नगरात भुकेल्या शेतकऱ्यास आधी जेवू घालून मगच भगवंतांनी धम्मदेसना केली, अशी धम्मपद अट्ठकथेतील कथा आहे. घरी चूल पेटत नसताना मिळेल ते काम धरणाऱ्या तरुणास उपदेश करण्यापूर्वी समाजाने हे स्मरावे. शिवाय सर्व कामे सारखी नाहीत. स्वयंपाकी आपली विद्या कोणत्याही खानावळीत नेऊ शकतो. रोखपालाचा हिशेब कोठेही उपयोगी पडतो. डीलरचे कसब मात्र एका जुगाराच्या मेजावरून दुसऱ्या मेजावरच जाते, आणि गावाकडे परतल्यावर महाराष्ट्रात त्यास कायदेशीर मेजच नाही.

म्हणून अशी नोकरी पत्करावयाची झाल्यास तरुणाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. माझे काम कोणाच्या हानीवर थेट उभे आहे? येथे शिकलेले मला अन्यत्र नेता येईल काय? येथून बाहेर पडण्याचा काळ मी ठरविला आहे काय? जुगाराच्या मेजावरील काम आयुष्याचा व्यवसाय म्हणून धरणे सम्यक आजीविकेत बसत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र त्या तरुणास दुसरे काम मिळवून देण्याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे. ती न पत्करता केलेला निषेध पोकळ ठरेल.