मोठ्या वस्तीतले घर आणि शेडमधले भांडवल

जालना एमआयडीसीत भंगाराचा व्यापार करणाऱ्या एका स्नेह्यांच्या ऑफिसात परवा आम्ही बसलो होतो. टेबलावर काट्याच्या पावत्या होत्या आणि त्यांच्याशेजारी छत्रपती संभाजीनगरातील एका महागड्या वसाहतीचे रंगीत माहितीपत्रक. "भाई, घरचे मागे लागलेत. शेडचा भूखंड काढून फ्लॅट घ्यावा म्हणतो. तुमचे काय मत?" असा प्रश्न त्यांनी टाकला. तो त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून येथे मांडत आहोत.

मोठ्या वस्तीची ओढ म्हणजे नुसता दिखावा, असे म्हणून चालणार नाही. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल यांच्यावर जालन्याचे नाव देशभर गेले. पण धूर आणि धूळही त्यांच्याबरोबरच आली. 2012-13 च्या दुष्काळात शहराने टँकरवर दिवस काढले. ज्याच्या घरात दमेकरी आई आहे किंवा शाळेत जाणारी मुले आहेत, त्याला स्वच्छ हवेची आणि नळाच्या पाण्याची ओढ वाटणारच. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी खुला झाल्यापासून तर संभाजीनगरात राहून जालन्यात धंदा करणे आणखी सोपे वाटू लागले आहे.

हे काही नवे नाही. मुंबईचा गव्हर्नर एके काळी परळला राहत असे. 1880 च्या दशकात त्याने आपले बिऱ्हाड समुद्रकाठच्या मलबार पॉइंटवर हलवले. मलबार हिलला वारा होता, उंची होती. हँगिंग गार्डनच्या पोटात आजही पाण्याचा जलाशय आहे. परळ-लालबागच्या वाट्याला गिरण्यांची धुराडी आली. लंडनमध्येही वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून धूर पूर्वेच्या कामगार वस्तीवर आणि श्रीमंतांची घरे पश्चिमेला. म्हणजे हवा-पाणी आधी आणि प्रतिष्ठा नंतर. पण काही वर्षांनी नावाचीच किंमत मोजावी लागते.

आता हिशेब पाहू. समजा, व्यापाऱ्याचे 60 लाख वर्षातून सहा वेळा फिरतात आणि दर फेरीत दीड टक्का सुटतो. वर्षाचे 5 लाख 40 हजार झाले. त्याच प्रतीचे घर महिना 20 हजारांनी भाड्याने मिळत असेल, तर वर्षाला 2 लाख 40 हजार जातात. भाडे देऊनही 3 लाख हाती राहतात आणि भंगार रोखीने उचलण्याची ताकद शाबूत राहते. फ्लॅटची किंमत वाढेल हे खरे. पण बाजार पडला, उधारी अडकली, तर फ्लॅटच्या भिंतीतून रोकड निघत नाही.

दुसरी गोष्ट भूखंडाची. एमआयडीसीचा भूखंड सहसा 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागते. गहाण टाकायलाही संमती लागते. एकदा हातचा गेला की त्या भावात पुन्हा मिळेल याची खात्री नाही.

तिसरी गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. अशा वस्तीचे दार नुसत्या पैशाने उघडतेच असे नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली निकाल दिला, की सहकारी संस्था पोटनियमाने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवू शकते. तेव्हा इसार देण्यापूर्वी पोटनियम मागून वाचावेत. इसार अडकल्यावर वाद घालण्यात शहाणपण नाही.

मग जालन्यातच धूर खात बसायचे काय? तसे आम्ही म्हणत नाही. आईच्या श्वासासाठी घर बदलायचे असेल तर खुशाल बदलावे. आधी भाड्याने राहून पाहावे. पण केवळ सोयरिकीत पत्ता सांगण्यासाठी शेड विकू नये. बाजारात आपली पत वेळेवर चुकत्या केलेल्या हुंडीने ठरते, गल्लीच्या नावाने नाही.

आणि एक. मालक निघून गेले तरी भट्टीवरचा कामगार इथेच राहतो. हवा-पाण्यासाठी ज्यांचा शब्द चालतो तेच गेले, तर त्याच्यासाठी भांडणार कोण? घाणेवाडीच्या निजामकालीन तलावातला गाळ 2010 नंतरच्या वर्षांत शहरातील नागरिक आणि उद्योजकांनी पुढाकार घेऊन उपसला. जे इथे राहिले, त्यांनाच हे सुचले. 2023 मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली आहे. तिच्या दारात आता जोराने मागणी करता येईल.

आमच्या स्नेह्यांनी माहितीपत्रक खणात ठेवले आणि काट्याच्या पावत्या पुढे ओढल्या. घर घ्यायचे की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेले नाही. भूखंड मात्र काढायचा नाही, एवढे ठरले आहे.