कुंडल रोडचा माळ आणि पंचवीस कुटुंबं

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने हातचा एक गुणी माणूस घालवला. लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला थोरल्या भावाकडे, रामूअण्णांकडे आले. किर्लोस्करवाडीचा इतिहास मी इथूनच वाचतो. चांगला माणूस नोकरी का सोडतो, हे तिथल्या मालकाने स्वतः भोगलेलं होतं.

बेळगावला दोघा भावांनी कारखाना काढला. त्याची जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. माळ निवडुंगाने भरलेला, नागसापांचा. १९१० साली लक्ष्मणराव सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुलं घेऊन तिथे उतरले, आणि किर्लोस्करवाडी वसू लागली. बिऱ्हाडासह अशा ओसाड जागी येणारा माणूस पगाराचा हिशेब करून येत नाही. नेणाऱ्यावर त्याचा जीव असावा लागतो, आणि तो आधीपासून असावा लागतो.

त्या पहिल्या फळीत कोण होते, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. गावची व्यवस्था रामूअण्णांकडे, यंत्रांचं काम शंभूराव जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. अनंतराव फळणीकरांचं शिक्षण अर्धवट सुटलेलं, पण यंत्रातली कल्पकता अस्सल. लक्ष्मणरावांनी शाळेचा दाखला न बघता कल्पकता पाहिली. रात्रीचा पहारा त्यांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे सोपवला. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. ज्या काळात सरकारी कायदा अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवत होता, त्या काळात कारखान्याची राखण अशा माणसांच्या हाती देणं ही साधी गोष्ट नव्हती. वाडीत अस्पृश्यता पाळायलाही बंदी होती.

नेतृत्वाच्या आजच्या प्रशिक्षण वर्गांत सांगतात की आधी माणसाने स्वतःला सिद्ध करावं, मग त्याच्यावर विश्वास टाकावा. लक्ष्मणरावांनी क्रम उलटा ठेवला, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं. जबाबदारी मिळाल्याशिवाय माणूस स्वतःला सिद्ध करणार तरी कुठे? त्याच औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. त्या भागाच्या हवेतच ही हिंमत होती, असं म्हणावंसं वाटतं.

कारखान्यात बनणाऱ्या लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती मोडून माल खपू लागायला बराच काळ गेला. पुढे उसाचे चरक आले, पंप आले. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची बातमी सांगायला निघालेलं हे मासिक पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी घराघरांत वाचलं जाऊ लागलं.

मालकाने वसवलेल्या अशा वाडीत एक अडचण असते आणि ती झाकू नये. नोकरी आणि घर दोन्ही एकाच मालकाच्या हाती असली, की कामगाराला नाराजी बोलून दाखवणं अवघड जातं. मालक लक्ष्मणरावांसारखा असेल तोवर ते निभतं. त्याच्यामागून येणाऱ्याच्या स्वभावाची हमी कोणी द्यायची? म्हणून मालकाच्या चांगुलपणाच्या जोडीला कामगाराच्या हाती हक्कही हवेत, असं मला ठामपणे वाटतं. शिवाय वाडीतला सलोखा कुंपणाबाहेरचा द्वेष थोपवू शकला नाही. १९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत कारखानाही पेटवला गेला.

लक्ष्मणराव १९५६ साली गेले. कुंडल रोडच्या स्टेशनाला किर्लोस्करवाडी हे नाव मिळालं, आणि जळालेला कारखाना पुन्हा उभा राहून आजही पंप बनवतो.