पुनर्बांधणीनंतरचे चेतक आणि कार्ब्युरेटरवरचा आळ

१९७२ साली बाजारात आलेल्या आणि आकुर्डीच्या कारखान्याचा लौकिक देशभर नेणाऱ्या बजाज चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनाची पुनर्बांधणी पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हौशी मंडळी अद्यापि करतात. परंतु नवा पिस्टन बसवूनही आयडलिंग स्थिर राहत नाही, तेव्हा सारा दोष कार्ब्युरेटरच्या माथी मारणे अन्यायाचे होय. या इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये ओढले जाते, सबब तेथील कोणत्याही फटीतून शिरलेली आगंतुक हवा ते विरळ करते. मग थ्रॉटल सोडला तरी वेग लवकर उतरत नाही आणि चोक ओढताच चाल सुधारते. मॅग्नेटोकडील ऑइल सील गळके असल्यास हेच घडते. क्लचकडील सील गळके असल्यास मात्र गिअर ऑइल जळून दाट पांढरा धूर निघतो. विरळ मिश्रणावर गाडी दामटल्यास पिस्टन जाम होण्याचे भय असते, म्हणून गॅस्केट व सील यांची तपासणी सर्वांआधी व्हावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. तदनंतर जेट तारेने न कोरता, कारण तारेने छिद्र रुंदावते, हवेच्या दाबाने साफ करावेत आणि पेट्रोलमध्ये लिटरमागे २० मिलिलिटर टू-टी ऑइल घालून, इंजिन तापल्यावरच मिश्रणाचा स्क्रू जुळवावा.